आमच्या भाडेकरूंचं कुसळ

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंइतका निराश माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल, आणि इतका निरुपद्रवीही. नव्वदच्या दशकात म्हसवडकडून ते सांगलीच्या कॉलेजात लिथियमच्या बॅटरीवर संशोधन करायला आले. घराणं मेंढरं राखणारं. मी शाळेत विज्ञानात काठावर पास झालेला, त्यामुळे समजावून सांगायला त्यांना कोरा माणूस आयताच मिळाला. बॅटरीच्या दोन बाजूंच्या मध्ये त्यांनी मेणकापडासारखा प्लॅस्टिकचा पातळ पडदा घातला होता. बॅटरी भरताना लिथियमवर केसासारखे काटे उगवायचे, पडदा भोसकून पलीकडे टेकायचे, की बॅटरी मेली. पुस्तकात या काट्यांना भारदस्त इंग्रजी नाव होतं. हे मात्र कुसळच म्हणत. माणदेशातल्या गवताचं कुसळ मेंढराच्या लोकरीत शिरतं आणि कातडीत पुढे पुढेच सरकतं, तसं.

हळूहळू त्यांना सगळीकडेच कुसळं दिसू लागली. घाईने भरलं की कुसळ वाढतं, हे बॅटरीचं सूत्र त्यांनी देहालाही लावलं. त्यांची एक भाकरी संपेपर्यंत आमची ही ओटा आवरून, भांडी घासून मोकळी व्हायची. पडद्याला ऊब लागते म्हणून वडिलांनी दिलेलं घोंगडं त्यांनी प्रयोगशाळेतल्या पेटीला गुंडाळलं आणि स्वतः अख्खी थंडी चादरीवर काढली. मला बढती मिळाली तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "वरनं समदं गुळगुळीत दिसतंय, दादा. आत काय वाढतंय, कुणाला दिसतंय?" त्यानंतर बरेच दिवस मी साहेबांकडे संशयाने बघत होतो.

असा माणूस पलूसची एक मुलगी पाहून आला आणि म्हणाला, "बरी हाय." आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिलो. थोड्या वेळाने स्वतःहून पुढे म्हणाले, "काय करता म्हनून इचारलं तिनं. सांगितलं, तर शेवटपत्तोर ऐकलं." त्यांचं शेवटपर्यंत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा मध्येच डुलकी काढायचो.

लग्न ठरायच्या बेतात असताना मुलीचे वडील आमच्याकडे आले. तेही मूळचे मेंढरंवालेच. नेमकी त्याच दुपारी, जिच्यावर सगळी भिस्त होती ती बॅटरी मेली होती. भाडेकरू पडल्या चेहऱ्याने आत आले.

"तोंड का उतरलंय, पावनं?"

"कुसळ. आतल्या आत वाढलं. पार पल्याड गेलं."

म्हातारे सावरून बसले. "डाक्टरास्नी दावलं?"

कॉलेजातल्या सरांना सगळे डॉक्टरच म्हणत. "दावलं की. त्ये म्हनले, ह्याला औशद न्हाई. माझ्या आदीची दोघं ह्यातच गेली."

ती दोघं संशोधनाला कंटाळून बँकेत नोकरीला गेली होती. पण हा घोटाळा माझ्या डोक्यात शिरेपर्यंत पाहुणे अर्धा चहा ठेवून स्टँडकडे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी पलूस गाठलं. पोरगा धडधाकट आहे, कुसळ बॅटरीत वाढतंय, असं घाम पुसत समजावलं.

"ब्याटरीत कुसळ?" म्हातारे शांतपणे म्हणाले. "मंग आजारी न्हाई, खुळा हाय म्हना की. आवं, आजारी परवडला. औशद तरी करता येतंय."

विषय संपला. मी पायांत चपला अडकवत होतो, तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. वडिलांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात तिने विचारलं, "मंजे ती ब्याटरी मेली व्हय?"

संध्याकाळी मी भाडेकरूंना सगळं सांगितलं. खुळा म्हटल्याचंही सांगितलं. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मग मी तिचा प्रश्न सांगितला. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"तुमी काय सांगितलंसा?"

"मेली म्हणालो."

"न्हाई सांगायचं, दादा," ते म्हणाले. "वाईट वाटलं असंल तिला."