लाथ न लागता पडलेला पैलवान

आमच्या कोल्हापुरात तयार झालेल्या एका कराटेच्या पिक्चरबद्दल मला चार चांगले शब्द लिहायचे आहेत. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही शोधून बघाल आणि माझ्या नावानं बोंब माराल. पण पिक्चर म्हणजे नाद खुळा! हिरो बँकॉकला उतरतो, विमान दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि त्याच्या पाठीमागून उसाची ट्रॉली जाते. लांब कसबा बावड्याच्या कारखान्याची चिमणी धूर सोडत असते. बँकॉकच्या पोलिसांची जीप आणि खलनायकाची जीप एकच, नंबरसुद्धा तोच. गडमुडशिंगीकडच्या एका वीटभट्टीवर शेवटची मारामारी चालू असताना मधून एक म्हैस चालत जाते. अख्ख्या पिक्चरमध्ये कॅमेऱ्याकडे न बघणारी ती एकटीच.

खरी मजा गुंडांची. हिरो म्हणजे निर्मात्याचा जावई, कराटेचा क्लास चालवायचा, ओला करून तोलला तरी पंचावन्न किलो भरला नसता. त्याच्या हातून मार खायला तालमीतले सहा पैलवान एकेका मटणाच्या ताटावर आणलेले. त्यातला एक माझा थोरला भाऊ, दादा. दिग्दर्शक बाहेरचा होता. त्यानं सांगितलं, लाथ बसली की पाठीवर पडायचं. सहाही जण दोन पावलं मागं सरले. कुस्तीत पाठ मातीला टेकली की खेळ खलास. हे लोक झोपतानासुद्धा कुशीवर झोपायचे.

"पावणं, पालथं पडतो, गुडघ्यावर बसतो, पायजे तर पळून जातो," दादा म्हणाला. "पाठ तेवढी मागू नका."

दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला, पण करतो काय? म्हणून त्या पिक्चरमध्ये छातीवर लाथ बसलेला गुंड मागं न जाता पुढं येतो आणि हिरोच्या पायाशी दंडवत घातल्यासारखा पडतो. एवढा नम्र गुंड जगातल्या कुठल्या पिक्चरमध्ये मिळायचा नाही.

सहांतला एकच पाठीवर पडला. माझा दादा. हिरोची लाथ त्याच्यापासून चांगली वीतभर लांबून गेली, आणि हा गडी धाडदिशी उताणा! दिग्दर्शक आनंदानं नाचायला लागला. बाकीचे पाच जण भट्टीच्या कडेला उभे होते, त्यांची तोंडं मात्र काळी पडली. मी तिथंच वडापाव खात उभा होतो. घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी त्याला सांगितलं, उद्यापासून तालमीत यायचं नाही. एका मटणाच्या ताटासाठी पाठ विकलीस म्हणाले. दादा लंगोट गुंडाळून घरी आला, गोठ्यात गेला आणि धार काढायला बसला. त्यानंतर लाल मातीत त्याचा पाय पडला नाही.

सगळ्यात जास्त राग मला आला होता. पैलवानाचा भाऊ म्हणून गल्लीत मी छाती काढून फिरायचो, ते संपलं. मग लोकांनी मला हसायच्या आत मीच हसायला शिकलो. पुढं घरोघरी मोबाईल आले तेव्हा तेवढाच तुकडा कापून मी पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वाऱ्यानं पडलेला पैलवान'. दर दिवाळीला कुणीतरी तो परत लावायचं. दादाही हसायचा, आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून उठून जायचा.

यंदा पेंडीचं पोतं उचलताना तो खाली बसला, तो उठलाच नाही. दवाखान्यात नेलं. कंबरेजवळचा मणका सरकून नस दाबली गेली होती. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला नीट समजावून सांगितलं. पायाला कळतंय तोवर थांबून बघू, पण जाणीव जायला लागली तर लगेच ऑपरेशन करायचं. उशीर झाला तर पाय कायमचा गेला. म्हणून रोज सकाळी ते दादाला डोळे मिटायला लावायचे, तळव्याला टाचणी टोचायचे आणि विचारायचे, "कळतंय?"

"कळतंय की!" दादा खणखणीत उत्तर द्यायचा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, "हा खालचा मणका जुना दबलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी काही झालं होतं का?"

मी खाटेजवळ गेलो. "दादा, शूटिंगच्या वेळंला पाठ गेलती व्हय तुझी?"

त्यानं नजर छताकडं वळवली. मग म्हणाला, "त्याच्या आधीच. सरावात. पाय मधनंच झोपायचा. त्या दिवशी लाथ यायच्या आधी गेला."

"मग सांगितलं का न्हाईस? हाकललंच की तुला!"

"सांगून बी हाकललंच असतं. मोडलाय म्हणून हाकललं असतं तर समद्यांनी कीव केली असती. त्यापरास शिव्या बऱ्या, लेका."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी जो तुकडा दाखवून हसत होतो, तो माझ्या भावाचा पाय निकामी होतानाचा होता. आणि मग एकदम डोक्यात आलं. हा माणूस पंधरा वर्षं लपवू शकतो, तर तीन दिवस काय अवघड आहे?

वहिनीच्या बांगडीत अडकवलेली पिन मी मागून घेतली. "दादा, डोळं मीट." त्यानं मिटले. मी डाव्या पायाशी उभा राहिलो आणि पिन हवेतच धरली. पायाला लावलीच नाही.

"कळतंय?"

"आयला, हळू की! टोचतंय!"

वहिनीनं तोंडावर पदर घेतला. दादानं डोळे उघडले, माझ्या हाताकडं बघितलं आणि काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं मला आईवरून, बापावरून, सगळ्या खानदानावरून ज्या शिव्या घातल्या, तशा जन्मात कधी घातल्या नव्हत्या. मी ऐकत ऐकतच डॉक्टरांच्या खोलीकडं पळालो.

"त्याला काही कळत नाही," मी सांगितलं. "डाव्या पायाला. तो खोटं बोलतोय."

डॉक्टर ताडकन उठले. "कधीपासून?"

संध्याकाळी ऑपरेशन झालं. उजवा पाय राहिला. डावा काही परत आला नाही.