चिंचेनं घासलेले थालर

रशीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या स्टँडवर भूमच्या एसटीची वाट बघत होतो... त्यांनाच भेटायला निघालो होतो. त्यांचा चाळिसावाही होऊन गेला, पण माझा राग काही उतरलेला नाही.

चाचा भूमला घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुन्या जर्मन संस्थानांची चांदीची नाणी, थालर, जमवायचे. पहिला थालर सॅक्सनीचा, येरमाळ्याच्या यात्रेत मोडीच्या चांदीत सापडलेला. माळेत ओवायला कुणीतरी त्याला कडी डाखली होती. कडीमुळं तो संग्रहात बसेना, म्हणून मला दिला. मग बव्हेरिया, हॅनोव्हर... एकेका नाण्यापायी वर्षं घालवली. गावानं खुळ्यात काढलं. हीच नाणी का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ती राज्यं नकाशावरनं गेली, गुरुजी. आमच्या अब्बांच्या वक्ताचं निजामाचं राज बी असंच गेलं. कुणी जपाया पायजे का न्हाय?" नाणं कडेनंच धरायचं, हा त्यांचा कायदा. एकदा मी राजाच्या गालावर अंगठा टेकवला, तर दोन महिने चहा विचारला नाही. नाण्यावरची काळी झाक हेच त्याचं वय, असं ते म्हणायचे.

शेवटच्या भेटीत खाटेवरून म्हणाले, "सलीमला सांगा, माझ्यामागं नाणी धुऊ नका. म्या बोलाया लागलो की त्यो उठून जातोय." सलीम त्यांचा मुलगा, निघताना तो बाहेरच्या दारातच भेटला. पण आजाऱ्याच्या घरात त्याच्यामागच्या गोष्टी कशा काढायच्या? मी गप्प निघून आलो. मातीला गेलो तेव्हाही तोंड उघडलं नाही.

चाळिसाव्याला गेलो तर बाहेरच्या खोलीत काचेचं नवं कपाट, आणि आत सगळे थालर लखलखीत. सलीम म्हणाला, "चिंच आन् राख लावून घासले, गुरुजी. अब्बांची चीज काळी कशी ठिवायची?" राजांची नाकं, दाढ्या, सगळं गुळगुळीत. माझ्या अंगाची लाही झाली. पण सुनावणार कुणाला? त्यानं बापावरच्या मायेनं तीन दिवस घासलं होतं. सांगायचं काम माझं होतं, आणि तीस वर्षं शाळेत घसा फोडणारा मी तिथं मुका झालो.

आता तो सॅक्सनीचा तेवढा काळा उरलाय, माझ्या कपाटात, मोठ्या काड्यापेटीत कापसावर. परवा बायको देवाची भांडी घासायला बसली होती. हाही देऊ का घासून, म्हणाली. मी असा ओरडलो की शेजारी धावत आले... हे ओरडणं भूमला, चाचांच्या खाटेपाशी व्हायला हवं होतं.