डमीचा बोळा

आमच्या धंद्यात डमी ठेवतात, हे आधी सांगतो. वरातीला लोक वीस जणांचा बॅण्ड ठरवतात, वाजवणारे असतात बारा. उरलेल्यांना लाल कोट घालायचा, हातात वाद्य द्यायचं आणि रांगेतून चालवायचं. आमचे डमी तळेघरकडून यायचे, भातकापणी उरकून. त्यातल्या कुणी हौसेनं फुंकलं तर पंचाईत, म्हणून ट्रम्पेटचा माउथपीस काढून आतल्या नळीत कापडाचा बोळा सारतात. तो मी सारायचो, कारण बॅण्ड माझा. गाल कसे फुगवायचे, बोटं कशी हलवायची, हे त्यांना दादा शिकवायचा.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या गावात, अवसरीत, ट्रम्पेट वाजवावं तर त्यानं. मलाही त्यानंच शिकवलं; मला ते बेताचंच आलं. गाडीवर नाव माझं होतं, पण सुपारी द्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, "दादा हायेत ना? मग ठरलं राव." वीस वर्षं मी हे हसून ऐकलं.

तीन वर्षांपूर्वी येडगाव धरणाजवळ एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर परदेशी सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. दौऱ्यावरची साठ-सत्तर माणसं, आणि पाहुणी म्हणून पियानो वाजवणारी एक बाई. कार्यक्रमाच्या शेवटी मार्चची धून वाजवायला गावचा बॅण्ड हवा, म्हणून आम्हाला बोलावणं आलं.

सकाळी तालीम संपल्यावर दादा कडेला उभा राहून, नवरी निघताना आम्ही वाजवतो ती संथ चाल वाजवत होता. ती बाई पियानोपाशीच बसलेली. तिनं त्या चालीखाली हळूच सूर धरले. दादा थांबला नाही, तीही थांबली नाही. संपलं तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी समोरच्या स्टँडवर गज आपटून दाद दिली.

दुभाषी मुलगी म्हणाली, "मॅडम म्हणतायत, संध्याकाळी मार्चच्या आधी हेच वाजवायचं. फक्त या दोघांनी."

"आमच्या मालकाला इचारा," दादा म्हणाला. त्यानं मान दिला होता. मला ती टिंगल वाटली.

"वाजव की," मी म्हणालो.

दोन महिन्यांपूर्वीच त्यानं कवळी बसवली होती, आणि ट्रम्पेट वाजतं ते दातांवर टेकलेल्या ओठानं. दिवसभर तो एकच विचारत राहिला, "व्हट दगा देणार न्हाई ना रं? हे ग्येलं तर माझ्यापाशी दुसरं काय हाय?"

संध्याकाळी बाईंचा पियानो चालू असताना तो कवळी धुवायला नळावर गेला. ट्रम्पेट खुर्चीवर होतं. मी बोळा भिजवला, पिळला आणि नळीत सारला. कोरडा बोळा जोरात फुंकल्यावर सरकतो. हेही मला त्यानंच शिकवलेलं.

बाईंनी सुरुवात वाजवली. दादानं ट्रम्पेट ओठाला लावलं. नुसती फुसफुस. तिनं हसून सुरुवात पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या आणि कवळी हलली. पुण्याहून आलेले लोक खाली बघत होते. आपले लोक अजून गप्प होते.

"दादा, दात सांभाळ!" कुणीतरी ओरडलं आणि मैदान हसलं.

ओरडणारा मी होतो.

मग बाईंनी ती चाल एकटीनंच वाजवली. दादा खाली उतरला नाही. ट्रम्पेट ओठाला लावून, गाल फुगवून, शेवटपर्यंत बोटं हलवत उभा राहिला. एकही बोट चुकलं नाही.

विंगेत त्यानं ट्रम्पेट माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडं. व्हट ग्येला." मी मुतारीत जाऊन बोळा काढला, खिशात घातला, आणि मार्चला उभा राहिलो.

पुढच्या लगीनसराईत तो दारात आला. "मला डमीत घे. घरात बसवत न्हाई. कोट अजून बसतो." मी घेतलं. आणि पहिल्या वरातीला, सगळ्यांसारखाच, त्याच्या समोर त्याच्या ट्रम्पेटमध्ये बोळा सारला. तो बघत होता. दोन वर्षं तो असा चालला.

यंदा दसऱ्यानंतर मी त्याला सांगून टाकलं. गोठ्यात धार काढत होता. सगळं ऐकून घेतलं.

"वला व्हता का कोरडा?"

"वला."

"तरीच," म्हणाला, आणि धार पुरी केली. मग हात धुऊन म्हणाला, "आण."

मी गाडीतून ट्रम्पेट आणलं. त्यानं माउथपीस काढून, नळी उजेडाकडं धरून आत बघितलं, परत बसवलं आणि फुंकलं. सूर निघाला, पण लगेच फाटला. पुन्हा फाटला. तीन वर्षं न वाजवलेला ओठ, आणि वय पासष्ट.

"आता खरंच ग्येला," तो म्हणाला.

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं तोंड पुसलं. "माझ्या घरात बोलू नको. तुझ्या वहिनीला म्या सांगितलंय, कवळीनं व्हट ग्येला. तुला ती पोटच्या पोरावानी मानती."

दिवाळीला वहिनी फराळ घेऊन आली. "तू ह्यांना बॅण्डमधी ठिवलंस म्हणून ह्ये जित्तं हायेत बघ," असं म्हणत तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मी ती खाल्ली.