मुदतीआधीचं व्याज

कसबा बावड्यात माझ्या दोन म्हशी होत्या. गुडघे गेले तशा त्या विकल्या आणि पैसे पतसंस्थेत बचत खात्यावर टाकले. मुद्दल आजारपणासाठी. व्याज मात्र माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, असं मी ठरवून टाकलं. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर व्याज जमा झालं की ती शिरोळहून एसटीनं यायची आणि आम्ही दोघी मंगळवार पेठेतल्या एका खानावळीत मटणाचं ताट खायचो. मटण माझ्या हातचंच जास्त चांगलं. पण जन्मभर दोघींनी दुसऱ्यांना वाढलं. आम्हाला बसवून कुणीतरी वाढतंय, एवढ्यासाठी जायचो.

गेल्या आखाडात तिचा फोन आला.

"आक्का, पोरगं न्यायला आलंय. आठवड्यानं हैदराबादला जायचं, कायमचं. दर पावसाळ्यात पाणी दारात येतंय, मला कोण उचलून काढणार?"

"आणि आपलं ताट?"

"व्याज कुठं आलंय अजून?"

माझा मुलगा ऐकत होता. म्हणाला, "आई, मी देतो की पैसं. जावा दोघी."

"तू दिलंस तर ते तुझ्याच घरचं जेवण झालं," मी म्हटलं आणि पतसंस्थेत गेले.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आजी, व्याज सप्टेंबरअखेर. आधी देता येत न्हाय. कॉम्प्युटरच घालतो."

"मग त्याला सांग की, म्हातारी घाईत हाय."

तो हसला. "खातं बंद केलं तरच आजपतोरचं व्याज मिळंल."

"कर बंद."

"एका ताटापायी खातं मोडता व्हय?"

"दोन ताटं हाईत."

सही करायला मला वेळ लागतो. तोवर मागची माणसं कुरकुरत होती. कुरकुरू देत.

मुद्दल घरी डब्यात ठेवलं आणि व्याज कनवटीला लावून बहिणीला खानावळीत नेलं. ती फार सावकाश जेवली. वाढप्यानं रस्सा विचारला, तिनं घेतला. पुन्हा विचारला, पुन्हा घेतला.

"पोटाला तडस लागंल," मी म्हटलं.

"लागू दे. तिकडं सून वाढंल तेवढंच खायचं हाय."

नंतर स्टँडवर ती खिडकीत बसली. मी खाली उभी राहिले. पिशवी नीट धर, एवढंच म्हटलं. गाडी गेली.

खातं मी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उघडलं. तेव्हापासून दोनदा व्याज आलं. पहिल्या खेपेला तिच्या फोनची वाट बघितली, दुसऱ्या खेपेला मीच लावला.

"आलंय बघ. कधी येतीस?"

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"पोराला विचारते," ती म्हणाली.

चालत्या एसटीला हात करून एकटीच चढणारी बाई ही. नवऱ्यालासुद्धा कधी विचारून निघाली नव्हती.

"विचार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. परातीत भाकरीचं पीठ घेतलं. व्याज आलेल्या दिवशी तरी मला स्वयंपाक करायचा नव्हता.