रेडिओला पाणी घालणारा माळी

लढाईच्या दिवसांत वाशीमच्या आमच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ आला. थोरला भाऊ फौजेत, ब्रह्मदेशाकडे होता, म्हणून वहिनी सकाळच्या बातम्यांना कान लावून बसत. ऐकू यायची ती नुसती खरखर. मी कौलांवर चढून एरियलचा बांबू उंच केला, मग त्यावर दुसरा बांधला, शेवटी तार कडुनिंबाच्या शेंड्याला नेली. दर वेळी खरखर तेवढी मोठी झाली.

भाजी विकणारा एक माळी डोक्यावर टोपली घेऊन हे रोज बघे. एकदा तो आत आला आणि रेडिओतून निघून अंगणात पुरलेल्या दुसऱ्या, अर्थिंगच्या तारेपाशी उकिडवा बसला. बोटाने माती उकरून त्याने तिचा वास घेतला.

"मास्तर, इले पाणी कवा घातलं?"

"तारेले कोणी पाणी घालते काय?"

"तुमी वर काहून पाहून राह्यले? ही तं खाली वाळून राह्यली."

मेथीवर शिंपडायचं पाणी त्याने तिथे ओतलं. जरा वेळाने रेडिओतला माणूस स्पष्ट बोलू लागला.

तेव्हापासून तो रोज पाणी घालू लागला. तारेभोवती आळं केलं. एकदा शेणखत आणलं, तेही मी मुकाट्याने घालू दिलं. त्याचं नाव मात्र कधी विचारलं नाही.

लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा तो आळ्यापाशीच होता. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या.

"बाई, आता पाणी बंद करू?"

"नाई भाऊ," वहिनी म्हणाल्या, "हे घरी येईपर्यंत घालत राहा."

त्याने मान डोलावली आणि गडू पुन्हा भरला.