मामाचं काम

साखर कारखान्याच्या इंजिनेर साहेबाकडे मी आया होते. मुंबईत एका गोऱ्याच्या घरी राबताना मला इंग्रजी बऱ्यापैकी आलं होतं, आणि समुद्रापारच्या बेटावर, रोझ बेलच्या त्या उसाच्या इस्टेटीवर आमच्या लोकांत ते मला एकटीलाच येत होतं. म्हणून दुकानदार माझ्याकडे शिकायचा. तो चीनचा. आमच्यासारखाच कराराने ऊस तोडायला आलेला. करार संपल्यावर त्याने रस्त्याकडेला दुकान टाकलं. आमच्या नव्या साहेबाच्या घरी फ्रेंच नाही, बेटावरची क्रेओल बोली नाही. गिऱ्हाईक टिकवायचं तर इंग्रजी हवं, एवढंच त्याचं म्हणणं. मी तेल-मीठ आणायला जायची तेव्हा तो एकेक शब्द विचारायचा. मीठ, साबण, मेणबत्ती त्याला पटकन आलं. अडला तो ‘अंकल’पाशी.

साहेबाची मुलं एकदा एका म्हाताऱ्याला घेऊन दुकानात गेली आणि म्हणाली, हा आमचा अंकल. पुढे काही दिवसांनी दुसऱ्यालाच घेऊन गेली, तोही अंकल. यातला बापाचा भाऊ कोणता, असं दुकानदाराने मला विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. पहिला आईचा भाऊ, दुसरा साहेबाचा मित्र. काका असो, मामा असो, मावशीचा नवरा असो की आत्याचा, इंग्रजाला सगळे सारखेच. आणि रक्ताचा नसला तरी मुलं प्रेमाने अंकल म्हणतात.

त्याला हे पटेना. त्याच्या भाषेत बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आणि आईचा भाऊ तर अगदीच वेगळा. त्याच्या गावी लग्नाच्या पंगतीत आईचा भाऊ मानाच्या जागी बसल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. मग मान कोणाला द्यायचा हे गोऱ्यांना कळतं कसं? मी म्हटलं, गोऱ्यांचं गोऱ्यांना ठाऊक, पण आमच्यातही नवरीला मामाच बोहल्यावर आणतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. त्यावर त्याने सहज विचारलं, तुमच्या मुलीला कोण आणणार?

माझा भाऊ आमच्याबरोबरच जहाजावर चढला होता. वाटेत हगवण लागून गेला. गोणपाटात गुंडाळून त्याला समुद्रात सोडलं. त्याचा विषय मी कोणापुढे काढत नसे. भाऊ नाही, एवढंच बोलून मी घरी आले.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र तो विषय टळेना. व्याही बेटावरच्याच सुरिनाम गावचा, रीतीभातीला पक्का. मामावाचून मुलगी बोहल्यावर चढली तर निराधार घरातली सून आणली म्हणून लोक जन्मभर तिला टोचतील, असं तो बजावून गेला. मला जेवण गोड लागेना. इस्टेटीवर काही लपत नाही. दुकानदाराच्याही कानावर गेलं. तो म्हणाला, साहेबाच्या मुलांसारखं नुसतं नाव मला नको. मामाचं काम द्या, मी करीन. त्याची एक बहीण मागे चीनमध्ये राहिली होती. तिच्या मुलीचं लग्न एव्हाना होऊन गेलं असेल, आपली जागा रिकामी राहिली असेल, असं म्हणून तो तांदूळ मापत राहिला. मी तिथेच हो म्हटलं.

व्याही भडकला. तुमचा सख्खा भाऊ असता तर गोष्ट वेगळी होती, म्हणाला. मी म्हटलं, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. जो आहे तो बघा. माझी जीभ तशी आहेच. शेवटी तो कबूल झाला, पण ऐन वेळी तुमचा चिनी आला नाही तर वऱ्हाड परत नेईन, हे सांगायला विसरला नाही.

आणि ऐन वेळी तो आला नाही. मुहूर्त मोजायला भटजीने पाण्यात सोडलेली वाटी बुडत आली, नवरी हळदीच्या अंगाने दाराआड उभी, आणि मामाचा पत्ता नाही. दुकानाचं दार लोटलेलं आहे, असं कोणीतरी सांगत आलं. व्याही उठून मुंडासं सावरू लागला. मी पदर खोचला आणि दुकानाकडे पळत सुटले.

दार ढकललं तर तो समोरच खुर्चीवर ताठ बसलेला. अंगात नवा निळा झगा, वेणी तेल लावून घातलेली, हात गुडघ्यांवर. माझ्या तोंडाला येईल ते मी त्याला क्रेओलमध्ये बोलले. तो ऐकून घेत राहिला, उठला नाही. मग शांतपणे म्हणाला, आमच्याकडे मामा आपणहून जात नाही. त्याला न्यायला बहिणीने यायचं असतं. सकाळपासून तो तसाच माझी वाट बघत बसला होता.

माझा राग गेला. एरवी मी त्याला अहो-जाहो करायची. ‘चला’ म्हणायला तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं.

“दादा, चल,” मी म्हटलं. “पोर उभी हाय.”

तो उठला. त्याने माझ्या मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर आणलं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागून हलला नाही. व्याही खाली बसला. जहाजावर भाऊ गेला तेव्हा हीच मुलगी अंगावर पीत होती, दूध आटेल म्हणून मी रडू दाबलं होतं. ते त्या दिवशी मांडवाच्या खांबाला धरून मी मोठ्याने रडले, आणि लोकांना वाटलं, मुलगी सासरी जातेय म्हणून रडते.