टुटीफ्रुटी कशाची करतात

जाऊबाईंनी तिसरा तुकडा उचलला आणि आत्या बोलल्या, "खा बाय, पोटभर खा. आता दोन जिवांची हायस तू."

आत्या म्हणजे माझी सासू. सगळे हसले, म्हणून मी पण हसले. मग माझं लक्ष ताटलीतल्या केककडे गेलं आणि हातातली सुरी तशीच राहिली. कारण त्या केकमधे कच्ची पपई होती, आणि ते घरात फक्त मला माहीत होतं.

आमच्यात तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला सांगत नाय, दृष्ट लागते बोलतात. त्यात जाऊबाईंचं आधी दोनदा पोट पडलेलं. म्हणून या वेळेला तर घरातल्या घरात पण लपवलेलं. मला कळणार कसं? माझ्या पोरीचा पहिला वाढदिवस होता, आणि आत्यांना वाटलं आनंदाची गोष्ट आनंदाच्या दिवशी सांगावी.

ऐरोलीला आमचं बैठं घर आहे. मागे मोरीचं पाणी जातं तिथे पपईचं झाड आपोआप आलेलं, मी लावलं पण नव्हतं. पाऊस संपला तशी ते नुसतं लगडलं. शेजारच्या भाभी, त्या अलिबागकडच्या, त्या बोलल्या, "अगो, पिकायची वाट कशाला बघतेस, कच्चीचीच टुटीफ्रुटी कर." मला तर तोपर्यंत वाटायचं टुटीफ्रुटी हे कुठलं तरी इंग्लिश फळच आहे. भाभींनी शिकवलं. साल काढायची, चण्याच्या डाळीएवढे बारीक तुकडे करायचे, उकडायचे, मग साखरेच्या पाकात टाकून ठेवायचे. दोन वाट्यांत रंग, एकीत लाल, एकीत हिरवा. सुकले की कोणी बोलणार नाय हे मागच्या अंगणातलं आहे.

ओव्हन आमच्याकडे कुठला. समोर बिल्डिंगचं काम चालू होतं तिथली रेती चाळून आणली, ती कुकरच्या तळाला पसरली, रिंग आणि शिट्टी काढली, वर चपटा डबा ठेवला. पीठ रवीने घुसळलं. आदल्या दिवशीचा एक करपला होता, तो मी भाभींकडे देऊन टाकला, आत्यांना दाखवलाच नाय. हा दुसरा असा फुगला की ह्यांनी कंपनीत सुट्टी टाकल्याचं सार्थक झालं. ह्यांची कंपनी तिकडे पावणे एमआयडीसीत.

तर मी सुरी धरून उभी. जाऊबाई बोटाने लाल लाल खडे वेचून खात होत्या. त्या बी.कॉम. झालेल्या, ऑफिसात जातात, मी आठवीतून सुटलेली, पण कदी मला कमी लेखलं नाय त्यांनी. त्या बोलल्या, "अगं, ही टुटीफ्रुटी कुठल्या दुकानातली? बाजारातली चिवट असते, ही किती मऊ आहे."

"घरची आहे ताई."

"घरची? कशाची करतात?"

आत्या बघत होत्या. हे बघत होते. मी पोरीला उचललं आणि बोलले, "हिने ओलं केलं वाटतं," आणि आत पळाले. पोरगी कोरडी ठणठणीत होती, ती रडायलाच लागली.

मागोमाग जाऊबाई आल्या. "काय झालं? तोंड का असं पांढरं पडलं?"

मी पोरीचा फ्रॉक उगाच वर-खाली करत होते. मनात येत होतं भोपळ्याची आहे बोलावं. गाजराची बोलावं. विषय संपला असता. पण काय झालं तर? आज रात्री दुखायला लागलं आणि डॉक्टरने विचारलं काय खाल्लं, तर ही बाई सांगणार केक खाल्ला, आणि डॉक्टरला कळणार कसं?

"ताई, कच्च्या पपईची आहे. मला माहीत नव्हतं हो तुमचं. आईशप्पथ."

त्यांनी हात पोटावर ठेवला. मोरीकडे गेल्या, बोट घालून ओकायला बघितलं, नाय झालं. बाहेरून आत्यांचा आवाज आला, "दोघी जावा आत काय कट करताय गं?"

"काय नाय आत्या, भांडी लावतोय," जाऊबाईच बोलल्या, एकदम नेहमीच्या आवाजात. मग मला हळूच बोलल्या, "आत्यांना सांगू नकोस. भावजींना पण नको. काही झालं ना, तर जन्मभर तुझं नाव घेतील."

त्या परिस्थितीत त्यांनी माझा विचार केला, हे मला अजून पचत नाय.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरणीकडे जाऊन आल्या. डॉक्टरीण बोलली, उकडलेली, पाकातली, भाजलेली, एवढ्याशा खड्यांनी काय होत नाय, काळजी नको. मी सुटले. मला वाटलं त्या पण सुटल्या.

नाय सुटल्या. मुलगी झाली त्यांना, गुटगुटीत, दोघी छान. बारशाला गेले तेवा बाळाला माझ्या मांडीवर देत त्या बोलल्या, "रोज सकाळी उठले की पहिलं बघायचे, डाग तर नाय ना. शेवटपर्यंत. डॉक्टरवर विश्वास होता गं, पण मनाचं काय." मग बोलल्या, "रागवू नकोस, पण तू भोपळ्याची आहे म्हणाली असतीस, तर हे महिने मी सुखात काढले असते."

बाळ झोपलेलं होतं, मी नुसती थोपटत राहिले.

भाभी बोलतात, बरोबर केलंस, दुखलं असतं तर? माझी आई बोलते, येडी आहेस, स्वतःच्या जिवाची भीती तिच्या गळ्यात टाकून आलीस. मी हे कोणालातरी सांगते आणि परत तीच मोरी, तीच कोरडी पोरगी मांडीवर दिसते. जाऊबाई दारात उभ्या आहेत, परत विचारतायत, कशाची करतात.

तुमी तिथे असता, तर काय सांगितलं असतं?